सोडवणीचं कडवं

हिरीने तोंड उघडल्याशिवाय सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये कुणाचं लग्न लागत नसे. अलीकडे भटजीही येऊ लागले होते. ते घाईघाईने मंगलाष्टकं म्हणत, अक्षता उडत, फोटोवाला सगळ्यांना सरळ उभं करी. पण जाणत्या बायकांचं लक्ष मांडवाच्या मेढीशी बसलेल्या हिरीकडे असे. ती धवलारीण. हळद लागण्यापासून नवरी जीपमध्ये बसेपर्यंतचा सगळा धवळा, म्हणजे लग्न लावणारी गाणी, तिच्या तोंडी होती. सासूने ती तिला दिली, सासूला तिच्या सासूने. कागदावर एक अक्षर नव्हतं आणि हिरीला अक्षराची गरजही नव्हती. अडतीस वर्षं ती गात होती. बँडवाल्यांना ती नुसतं बघून गप्प करी, आणि गाणं चालू असताना कुणी नवरदेव खिदळला तर त्याच्या बापालाही सोडत नसे. बाई मोठी मानी होती, आणि तिने तसं असण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

या सगळ्या धवळ्यात सर्वांत वजनाचं कडवं होतं सोडवणीचं. अक्षता पडल्या, हार घातले, पंगती उठल्या, तरी सोडवण झाली नाही तोवर पोरगी बापाच्या देवाची. त्या कडव्यात हिरी माहेरच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारी. गावदेवीला, वाघोबाला, विहिरीवरच्या आसरांना. आणि म्हणे:

सोडा गो आसरांनो, लेकीचा पदर,
सोड रे वाघोबा, लेकीची वाट...

तिथे मांडवातल्या बायांचे डोळे भरून येत, पोरीचा बाप उठून भलतीकडेच काहीतरी करायला जाई. त्यानंतर पोरगी सासरची. परत आली तर पाहुणी म्हणून, बाकी तिचा त्या घराशी संबंध संपला. हे सगळ्या वाड्यांना मान्य होतं. त्यावर कुणी वाद घातल्याचं हिरीच्या तरी ऐकण्यात नव्हतं.

दोन हजार पाच सालची दिवाळी होऊन गेली आणि हिरीचा भाचा साईनाथ तिला भेटायला आला. साईनाथ तिच्या भावाचा मुलगा, पस्तिशीचा, राहायचा भातसानगरला. धरणावर पाण्याची पातळी बघून वहीत लिहायचं काम त्याचं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने जाताना त्याला आपला जुना हातातला कॉम्प्युटर देऊन टाकला होता. तळहाताएवढा, कोपऱ्यात काच तडकलेली, बरोबरची टोचायची काडी केव्हाच हरवलेली. साईनाथ उदबत्तीच्या काडीने टोचून तो चालवी. साहेब त्यावर म्हणे हिशेब करी, पत्रं लिही, सभांच्या वेळा मांडून ठेवी. आमचे साईनाथराव त्यावर फक्त गाणी ऐकत. एवढं मोठं कामाचं यंत्र, आणि यांनी त्याची गाण्याची पेटी करून टाकलेली! शर्टाच्या खिशात यंत्र, कानात वायर, आणि समोरचा काय बोलतोय त्याचा पत्ता नाही, असा त्याचा अवतार असे.

"आते, तुमच्यासाठी एक वस्तू आणलीय," तो ओट्यावर बसत म्हणाला, आणि त्याने ती वायर सरळ हिरीच्या कानात घातली.

कानात एक बाई गात होती. आवाज जाड, जरासा फाटलेला, शेवटच्या अक्षरावर थरथरणारा. हिरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने वायर उपटून काढली.

"ही तर माझी सासू! मेलेल्या बाईला तू या डब्यात कुठना आनलीस रे?"

साईनाथ पोट धरून हसला. "सासू नाय आते, तुमीच हाय! वैशाखात शहापूरकडच्या लग्नात तुमी गात होता ना, तेव्हा मी हा बाजूला ठेवून बटन दाबला होता."

हिरीने आयुष्यात आपला आवाज कधी ऐकलेला नव्हता. आपण असं गातो? म्हातारीसारखं? पण मग तिला त्याची गंमत वाटू लागली. डोळे मिटून ती ऐकत राहिली. ओठ आपोआप हलू लागले. नवरीला पाटावर बसवलं, ओटी भरली, आता सोडवण... आणि कानातली बाई एकदम सासरच्या उंबरठ्यावर जाऊन पोचली. मांडवातच म्हणायचं माप ओलांडण्याचं गाणं सुरू झालं.

हिरीने डोळे उघडले. "परत लाव."

त्याने परत लावलं. पाट, ओटी, उंबरठा. मध्ये श्वास घेण्याएवढीही जागा नाही. तिने पाच वेळा ते लावून घेतलं. आतेला आपलं गाणं फारच आवडलेलं दिसतंय, असं वाटून साईनाथ खूश झाला. हिरीच्या पायाखालची जमीन सरकली होती, ते त्याला कसं कळावं? तिने त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? अडतीस वर्षांची धवलारीण, भाच्याला विचारणार की मी म्हटलं होतं का रे? लाजेने तिचं तोंडच बंद झालं. भाकर खाऊन साईनाथ दुपारच्या एसटीने परत गेला.

तो गेला आणि हिरी तिथेच बसून राहिली. डब्याला ना नातं ना गोतं, तो कशाला खोटं बोलेल? म्हणजे त्या लग्नात सोडवण राहिली. बरं, त्या एकाच लग्नात? तिने आठवून बघितलं. तिला एकाही लग्नातलं नक्की आठवेना. धवळा कधी आठवून म्हणायचा नसतोच. एकदा सुरू झाला की तो नदीसारखा आपला आपण चालतो. म्हणणारीला शेवटी एवढंच कळतं की घसा कोरडा पडलाय. मग गेल्या वर्षी म्हटलं का? त्याच्या आदल्या वर्षी? वाड्यावाड्यांतल्या पोरी नवऱ्याच्या घरी नांदताहेत, त्यांना पोरं झाली, आणि त्यांच्या माहेरच्या देवांनी अजून त्यांचे पदर सोडलेलेच नाहीत?

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. कोण विचारणार होतं? पण हिरी गप्प बसणारी नव्हती. चूक आपली तर ती निस्तरायचीही आपणच, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. ज्या ज्या घराचं लग्न तिने लावलं, त्या त्या घरी जाऊन, नवराबायकोला पाटावर बसवून ती सोडवण म्हणणार होती.

पहिलं घर शेजारच्याच वाडीतल्या चांगो आणि तानीचं. चांगोला नातू झालेला. हिरीने आल्याचं कारण सांगितलं तेव्हा चांगोच्या हातातला कोयता खाली पडला. तानी आधी बघतच राहिली, मग कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली.

"म्हंजे एवढी वर्सा मी या मानसाची भाकर उगाच भाजली?"

"आता काय करायचा गो?" चांगो घाबरून म्हणाला.

"काय करायचा म्हंजे? बस पाटावर!"

चांगो पाटावर बसला. नातू त्याच्या मांडीवर चढून बसला. हिरीने सोडवण म्हटली आणि दारात गोळा झालेल्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तानीने मात्र गाणं संपल्यावर खरंच डोळे पुसले.

आठ दिवसांत हिरीने अकरा घरं केली. कुठे हसले, कुठे तिला चहा पाजला. एका घरी मात्र तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सुनेला मूल होत नव्हतं आणि सासूने त्याचं सगळं खापर त्याच मिनिटाला हिरीच्या डोक्यावर फोडलं. हिरीने खाली मान घालून ऐकून घेतलं. मुरबाडच्या बाजारात तिच्या नावाने चेष्टा सुरू झाली. तिच्या कानावर ते आलं, तिला लागलंही, पण ती चालत राहिली.

बारावं घर प्रेमा नावाच्या पोरीचं. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा पंढरी वीटभट्टीवर मुकादम होता. अंगाने दणकट, आणि हात चालवायलाही तसाच. हे सगळ्यांना माहीत होतं, हिरीलाही. प्रेमा दोनदा माहेरी पळून गेली होती आणि दोन्ही वेळा तिचा बाप धाऊ तिला स्वतः परत आणून सोडून गेला होता. धाऊ काही कसाई नव्हता. दुसऱ्या वेळी तर तो वाटभर रडत होता म्हणे. पण त्याचं एकच म्हणणं: देवांनी पदर सोडला, आता मी धरून कसा ठेवू?

हिरीने आल्याचं कारण सांगितलं. पंढरी हसला. "म्हन बाय, तुझा समाधान होऊ दे," म्हणून पाटावर बसला. प्रेमा त्याच्या शेजारी येऊन बसली. डाव्या गालावर तिने पदर ओढून घेतला होता. हिरीने घसा साफ केला, डोळे मिटले.

"थांब, हिरीआय."

हिरीने डोळे उघडले. प्रेमा पाटावरून उठून उभी होती.

"म्हनू नको. आधी मला सांग. आज, ह्या घडीला, मी कोनाची?"

हिरीला खोटं बोलता येत नव्हतं, निदान धवळ्याच्या बाबतीत तरी. "बापाच्या देवाची," ती म्हणाली.

"म्हंजे हितली नाय?"

"अजून नाय."

प्रेमा आत गेली. दोन लुगडी पिशवीत कोंबून बाहेर आली. पंढरी अजून हसतच होता. तिने चपला घातल्या तेव्हा त्याचं हसू थांबलं. ती अंगण ओलांडून गेली तरी तो पाटावरच बसलेला. एवढा हात चालवणारा माणूस, पण आता त्याचा हात काही उठेना. आणि हिरी? मांडीवर हात ठेवून ती नुसती बघत राहिली. लग्नं लावणारी बाई ती. तिच्या एका शब्दाने लग्न मोडताना तिने आजवर पाहिलं नव्हतं.

प्रेमाने माहेरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा धाऊ म्हणे तिथल्या तिथे खाली बसला. मग उठून त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. "देवानी सोडला नाय, तर मी कोन धाडनारा?" एवढंच म्हणाला.

तिकडे भातसानगरला साईनाथच्या कानावर हे सगळं गेलं तेव्हा तो सुट्टी टाकून धावत आला. हिरी अंगणात भात वाळत घालत होती.

"आते, काय करून बसलात? तुमचा काय नाय चुकला! मी कापला तो तुकडा, मी!"

हिरीला काही कळेना. तो धापा टाकत सांगू लागला. यंत्रात जागा थोडी, मेमरीच नाही, आणि तिचं गाणं लांबलचक. म्हणून त्याने ते मुरबाडच्या स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊन लहान करून घेतलं. मध्येच बँडवाल्यांनी जनरेटर चालू केला होता, त्याची घरघर कानाला फार लागत होती. दुकानवाला म्हणाला, एवढा तुकडा उडवू का? साईनाथ म्हणाला, उडव. चाल एकच, कुठे जोडलंय ते कुणाला कळणार? नशिबाने मूळचं गाणं दुकानात होतं. यंत्रातली बाकीची गाणी पुसून ते आज तो पुरतं भरून घेऊन आला होता.

त्याने लावलं. पाट झाला, ओटी झाली. मग जनरेटरची घरघर, आणि त्या घरघरीच्या वर चढून हिरीचा आवाज: सोडा गो आसरांनो...

हिरीच्या हातातलं सूप गळून पडलं. म्हटलं होतं! एकही अक्षर न गाळता म्हटलं होतं. अडतीस वर्षांत तिने कधी काही गाळलं नव्हतं, गाळणारी ती नव्हतीच, मूर्खासारखी एका डब्यावर विश्वास ठेवून स्वतःलाच चोर ठरवून बसली! ती हसली, तिने साईनाथच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग एकदम गप्प झाली. तिला प्रेमा आठवली.

"उद्या धाऊच्या अंगणात बैठक हाय," साईनाथ म्हणाला. "पंढरीची मानसा येनार. मी तिथंच लावतो सगळ्यांसमोर. तुमचा नाव एकदम साफ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाऊचं अंगण माणसांनी भरून गेलं. पंढरी आपल्या चुलत्याला घेऊन आला होता. प्रेमा दाराआड उभी. साईनाथने यंत्र मधोमध एका उपड्या पाटीवर ठेवलं, आवाज पूर्ण वाढवला आणि काडीने टोचलं. एवढ्याशा डब्यातून हिरी गाऊ लागली तशी म्हातारी माणसं मागे सरकली. हिरी समोर बसली आहे, तिचं तोंड मिटलेलं आहे, आणि तिचा आवाज पाटीवरून येतोय! सोडवणीचं कडवं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं.

"ऐकला ना?" पंढरी उठला. "बाय म्हातारी झाली, तिला भ्रम झाला. कडवा म्हनला होता. चल गो, पिशवी घे."

धाऊच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने दाराकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. लेकीला बाहेर काढायलाच तो उठत होता.

"बस, धाऊ," हिरी म्हणाली. "डब्यातला लगीन वैशाखातला. त्यात मी म्हनला. प्रेमाच्या लग्नात ऱ्हायला."

"आते!" साईनाथ ओरडला. त्याच्या हातातली काडी मोडली. "कालच तर तुमी..."

"तू गप. तू होतास काय त्या मांडवात?"

पंढरीचा चुलता मुरलेला माणूस होता. त्याने घरातून मूठभर तांदूळ मागवले आणि हिरीपुढे धरले. "हे हातात घे, धवलारीण. गावदेवीचा नाव घे. आनि मग सांग."

तांदूळ हातात घेऊन खोटं बोललं तर जीभ झडते, हे त्या अंगणातल्या लहान पोरालाही माहीत होतं. हिरीला तर ते तिच्या सासूने शिकवलं होतं. तिने आजवर कुणाचं भलं केलं असेल नसेल, पण धवळ्यात आणि देवाच्या नावात तिने कधी लबाडी केली नव्हती. तेवढं एकच धन तिच्यापाशी होतं. तिने तांदूळ घेतले, मूठ मिटली.

"गावदेवीच्यान. प्रेमाची सोडवन ऱ्हायली."

ती क्षणभर वाट बघत राहिली. काही झालं नाही. जीभ होती तिथेच होती.

बैठकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवढी मोठी चूक, आणि ती भर बैठकीत तांदूळ हातात घेऊन कबूल करणारी बाई! पंढरी अजून उभाच होता. शेवटी चुलत्यानेच त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. मग तो हिरीकडे वळला.

"पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. पन तू पन ऐक. आमच्या कुठल्याच मांडवात आता तुझा धवळा नको. जिला सोडवन आठवत नाय ती कसली धवलारीण?"

आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. त्यात चांगोही होता, ज्याच्या घरी दहा दिवसांपूर्वी तिने नातवासकट सगळ्यांना हसवलं होतं. हिरीने मुठीतले तांदूळ हळूच त्या उपड्या पाटीवर ठेवले आणि उठली. साईनाथ यंत्र उचलून खिशात घालत होता. त्याला आतेच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बांधापर्यंत पोचते न पोचते तोच मागून पावलं वाजली. प्रेमा धावत आली होती. आज गालावर पदर नव्हता. गालावरचा डाग पिवळा पडत चालला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"हिरीआय, तू म्हनली होतीस. माझ्या लग्नात. आसरांचा नाव घेतलास तवा मी तुझा हात धरून रडले. मला सगळा आठवता. पहिल्यापासून आठवत होता."

हिरी जागच्या जागी थबकली. म्हणजे त्या दिवशी पाटावरून उठली तेव्हाही या पोरीला माहीत होतं. 'मी कोनाची' असं विचारलं तेव्हाही. ती त्या पोरीच्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली.

"मला नाय आठवत," ती शेवटी म्हणाली, आणि बांधावरून खाली उतरून जीपच्या वाटेला लागली.